रंग आहे ना? मग उडणार

रंगवलेलं कापड उजेडात किती टिकेल हे ठरवायला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या वापरतात. पहिली पट्टी सगळ्यांच्या आधी विटते, दुसरीला साधारण दुप्पट वेळ लागतो, तिसरीला तिच्याही दुप्पट, असं करत आठवीपर्यंत. कापडाचा तुकडा आणि या पट्ट्या प्रखर दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवायच्या आणि तुकडा कुणाबरोबर मान टाकतो ते बघायचं. सुरतेला मंत्रा नावाची कापड-संशोधन संस्था आहे, तिथे असल्या तपासण्या रीतसर होतात. आमच्या पलसाण्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये मात्र डाइंग मास्टर कापड चिमटीत धरतात, खिडकीकडे नेतात आणि निकाल देतात. पार्टी कितीही मोठी असो, त्या निकालावर अपील नाही.

हे मास्टर एकदा माझ्याकडे त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या सीड्या घेऊन आले. मी डिस्पॅचला असतो, पण माझ्या टेबलावर कॉम्प्युटर असल्याने गिरणीत मला इंजिनिअर समजतात. ‘आ वंचातुं नथी,’ मास्टर म्हणाले. मी त्यांना समजावलं की कोऱ्या सीडीवर आपण जे भरतो ते तिच्या आतल्या रंगाच्या पातळ थरात भरलं जातं. लेझर त्या थरावर बारीक बारीक डाग पाडतो आणि वाचताना ते डाग मोजतो. रंग सेंद्रिय असतो. कुणाच्या सीडीत सायनिन, कुणाच्या ॲझो, कुणाच्या थॅलोसायनिन.

शेवटचं नाव ऐकून मास्टर खुर्चीत सरळ झाले. ‘थॅलो? आपला टर्कॉइज?’

म्हटलं, त्याच घराण्यातला.

त्यांनी सीडी खिडकीकडे नेली, तिरकी केली, चिमटीत फिरवली आणि म्हणाले, ‘रंग छे ने? तो ऊडशे ज.’

डिजिटल फोटो टिकवण्यावर मी त्यानंतर पुष्कळ वाचलं. या मोजक्या शब्दांपेक्षा नेमकं कुणी काही लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

पलसाणा कुठे, हे इथे सांगायला हवं. सुरतेचे लोक म्हणतात पलसाणा म्हणजे काही सुरत नव्हे. आम्ही गावी गेलो की सांगतो, सुरतच. मुंबई-अहमदाबाद हायवे आणि हजिऱ्याहून बारडोली, नवापूर करत धुळ्याला जाणारा हायवे इथल्या चौकडीवर एकमेकांना छेदतात. त्या दुसऱ्या रस्त्याने आणि ताप्ती लाइनच्या गाड्यांनी निम्मा खान्देश इकडे आला. उरलेला निम्मा ‘आखाजीला येताय ना?’ म्हणून फोन करतो. उधना, लिंबायत, डिंडोली इथे भाजीवाल्याशी मराठीत भांडता येतं. तर अशा दोन ठिकाणी पसरलेल्या घरांत फोटोंचं काय होतं, याचा मला बऱ्यापैकी अभ्यास आहे. घरोघरच्या ‘जरा बघ रे, हे उघडत नाही’ या वाक्यावर तो झालेला आहे.

सीड्यांचा काळ आठवा. लग्न झालं की फोटोग्राफर अल्बम देई आणि वर दोन सीड्या. भारतात तेव्हा मोझर बेअरचा दबदबा होता. कोऱ्या सीड्यांत जगातल्या मोठ्या कारखानदारांत तिची गणती होत होती. पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 2018 मध्ये तिचा गाशा गुंडाळायचा हुकूम निघाला. सीड्या मात्र घरोघर आहेत. बहुतेकांवर बॉलपेनाने ‘पिंट्या जाऊळ’ किंवा ‘साखरपुडा 2’ असं दाबून लिहिलेलं असतं. सीडीची चकचकीत बाजू आपण जिवापाड जपतो आणि छापील बाजूवर खुशाल लिहितो. खरं तर मजकुराचा थर छापील बाजूलाच असतो, वर फक्त लाखेचं एक पातळ पांघरूण. म्हणजे जाऊळ पिंट्याचं झालं आणि वस्तरा सीडीवर फिरला. ज्या सीड्यांवर कुणी काही लिहिलं नाही त्यांची चमक अजून शाबूत आहे आणि त्या शेतात पाखरं हाकायला दोरीला टांगलेल्या आहेत. चलथाणच्या साखर कारखान्याला ऊस जातो त्या पट्ट्यात मी एका बांधावर कुणाची तरी हळद लटकताना पाहिली. पाखरं खरंच येत नव्हती.

ज्यात रंगच नाही अशी सीडी नाही का, हे मास्टरांनी विचारलं होतं. आहे. एम-डिस्क नावाची एक चकती निघाली. तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा खनिज थर; लेझर त्यात अक्षरशः खड्डे खोदतो. हजार वर्षं टिकेल, असा कंपनीचा दावा. कंपनीचं नाव मिलेनियाटा, म्हणजे त्यातही सहस्रक. 2016 मध्ये ही कंपनी बुडाली. चकत्या अजून मिळतात, दुसरे लोक काढतात, आणि वस्तू बरी आहे असं जाणकार म्हणतात. फक्त ती वाचायला यंत्र लागतं, आणि नव्या लॅपटॉपला सीडीचा खणच राहिलेला नाही. सोनीने तर 2025 च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे चकत्या काढणं थांबवलं. मास्टरांना हे सांगितल्यावर ते हळहळले नाहीत. पक्का रंग देणाऱ्या गिरण्या बुडताना त्यांनी पाहिल्या आहेत. कच्चा रंग देणाऱ्यांना तेच गिऱ्हाईक पुन्हा येतं.

आता सीडी गेली आणि लग्नाचा पेन ड्राइव्ह आला. तो लाकडी पेटीत येतो. पेटीवर वधूवरांची नावं कोरलेली, मध्ये बदाम, आत मखमल, मखमलीत खळगा आणि खळग्यात बोटाएवढा पेन ड्राइव्ह. पेटी शिसवी रंगाची, पितळी कडीची, पन्नास वर्षं सहज जाईल. आतल्या ऐवजाबद्दल तेवढी खात्री देता येत नाही. पेन ड्राइव्ह असो, मेमरी कार्ड असो की एसएसडी, फोटो तिथे विजेच्या भाराच्या रूपाने कोंडलेला असतो आणि तो भार हळूहळू झिरपतो. किती दिवसांत, हे माल किती वापरलाय आणि किती तापतो यावर. जेडेक ही या धंद्यातली मापं ठरवणारी संस्था. घरगुती एसएसडी पूर्ण झिजेपर्यंत वापरलेली असली आणि मग वीज न देता 30 अंशांत ठेवली, तर तिने निदान एक वर्ष मजकूर धरून ठेवला पाहिजे, एवढीच तिची अट आहे. नवी, कमी वापरलेली असेल तर पुष्कळ जास्त टिकते. पण 30 अंश! पलसाण्यात 30 अंश म्हणजे जानेवारीतली दुपार. पेटी जिथे ठेवतात त्या लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्यात काय होत असेल ते त्या बदामालाच ठाऊक.

हायवेच्या कडेला गाडीवर मिळणाऱ्या ‘दोन टीबी, पाचशे रुपये’ वाल्या पेन ड्राइव्हबद्दलही बोललं पाहिजे, कारण आमच्या निम्म्या पाहुण्यांचा विश्वास त्यावर आहे. त्याच्या आत जागा असते फार तर बत्तीस जीबीची. पण आतली चिप कॉम्प्युटरला बेधडक दोन हजार सांगते. तुम्ही फोटो भरत जाता, तो घेत जातो. नावं दिसतात, तारखा दिसतात, आकार दिसतो. जागा संपली की तो नवे फोटो जुन्यांवरच लिहितो किंवा नुसताच घेतल्याचं नाटक करतो. उघडायला गेलं की करडा चौकोन. असा माल ओळखायला एफ-थ्री, एचटू-टेस्ट-डब्ल्यू असे फुकटचे प्रोग्रॅम आहेत. ते ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि परत वाचून हिशेब मागतात. आमच्या साडूंना मी हे दाखवलं. दोन टीबीच्या ड्राइव्हने एकतीस जीबीला हात टेकले. साडू म्हणाले, ‘तरी पाचशेत एकतीस वाईट नाही.’ सुरतेत राहून माणूस व्यापारी होतो तो असा.

हार्ड डिस्क हा त्यातला सभ्य मार्ग. हिचा इतिहास ऐकला की माणूस नम्र होतो. आयबीएमने 1956 मध्ये रॅमॅक नावाचं पहिलं यंत्र काढलं. त्यात पन्नास तबकड्या, वजन टनाहून जास्त आणि मावे पाच एमबी. आज फोनवर आपण ताटातल्या भरताचा जो फोटो काढतो, तो एक तिथे ठेवायचा तर क्रेन लागली असती. आता तळहातावरच्या डबीत तसे लाखो भरित मावतात. पण डबीत आतली तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्या घेते आणि वाचणारी सुई तिच्यावर काही नॅनोमीटरवरून तरंगते. टेबलावरून पडली की संपलं. बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकन कंपनी आहे, ती लाखो डिस्क चालवते आणि कोणत्या बनावटीच्या किती मेल्या हे उघड छापते. वर्षाला शंभरात साधारण एक-दीड. ऐकायला थोडं वाटतं. मरणारी ती आपलीच निघते, एवढं गणित कंपनी छापत नाही.

शिवाय इथे दिवाळी असते. सुरतेचा व्यापारी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपडापूजन करतो. पूर्वी लाल कापडाच्या वह्या मांडत, मग लॅपटॉप मांडू लागले, आणि आता हिशेबाची हार्ड डिस्कही पाटावर असते. हळद, कुंकू, अक्षता, फूल. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. मी लाभपाचमीला गिरणी उघडल्यावर यूएसबीच्या खाचेतून टाचणीने कुंकू काढत बसलेलो असतो. एका डिस्कमधून तांदळाचा अखंड दाणा निघाला. शेठ म्हणाले, शुभ आहे.

‘पण आपलं सगळं गूगलवर असतं ना?’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत तरुण पिढीकडून येतं. होतं खरं. गूगल फोटोज पूर्वी कितीही फोटो फुकट ठेवून घेई. 1 जून 2021 पासून ते बंद झालं. आता पंधरा जीबी, त्यातच मेल, त्यातच बाकी सगळं. मग पैसे भरा, नाहीतर जागा करा. आणि खातं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर ते पुसण्याचा नियमही आहे. 2023 च्या डिसेंबरपासून तो लागू झाला. दोन वर्षं खातं कोण उघडत नाही? जो माणूस गेला तो. म्हणजे ज्याचे फोटो घरच्यांना सगळ्यात जास्त हवे असतात, नेमका त्याचाच पासवर्ड कुणाला माहीत नसतो.

आमच्याकडे माणूस गेला की पहिल्या तासाभरात दोन शोध सुरू होतात: आधार कार्डाचा आणि फोटोचा. पोराच्या फोनमध्ये हजारो फोटो. त्यात लॉट नंबरचे फोटो, चालानचे फोटो, गॅसच्या पावतीचे, गुड मॉर्निंगच्या गुलाबांचे, साडीच्या पदराचे. गेलेल्या बापूंचा एकट्याचा, कॅमेऱ्याकडे बघणारा, डोळे उघडे असलेला एकही नाही. शेवटी भाच्याच्या हळदीतल्या घोळक्यातून बापू कापून काढतात. म्हणून आमच्या भागातल्या श्रद्धांजलीच्या फलकांवर गेलेल्या माणसाच्या खांद्यावर बऱ्याचदा कुणाचा तरी अर्धा हात असतो. बोटात अंगठी, मनगटाला नाडा. हात कुणाचा, यावर दहाव्यापर्यंत चर्चा पुरते.

गूगलचं स्वतःचं कसं चालतं ते ऐका. 2011 मध्ये एका बिघाडात जीमेलच्या हजारो लोकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. गूगलने त्या परत आणल्या त्या चुंबकीय फितीवरून. होय, टेप. आपण ज्या वस्तूला टेपरेकॉर्डरबरोबर माळ्यावर टाकलं तिच्यावर मोठमोठ्या कंपन्या आजही विसंबून आहेत. त्या टेपला एलटीओ म्हणतात. नवव्या पिढीच्या एका डबीत अठरा टीबी मावतात आणि आत फीत असते हजार मीटरच्या वर.

हे मास्टरांना सांगितलं तर ते ताबडतोब म्हणाले, ‘पन्हा किती?’

अर्धा इंच.

‘हजार मीटरला अर्धा इंच पन्हा! मग कटिंग कोण करतं?’ पुढे अर्धा तास आम्ही फोटोंवर बोललो नाही. टेपची डबी तशी महाग नाही, पण ती चालवणारं यंत्र घ्यायचं तर पलसाण्यात वन रूम किचनचं डिपॉझिट निघेल. शिवाय नवं यंत्र फार जुनी डबी वाचत नाही. तेव्हा टेप हा आपला विषय नव्हे. पण हजार मीटर गुंडाळून ठेवलेला तागा सगळ्यात भरवशाचा निघाला, हे ऐकून मास्टरांना आपल्या धंद्याबद्दल जे समाधान वाटलं ते पाहण्यासारखं होतं.

मग कशावर ठेवावं? माझं मत विचाराल तर हा प्रश्नच उलटा आहे. टिकाऊ वस्तू शोधणारे लोक एकदा काहीतरी महाग घेतात आणि निर्धास्त होतात, आणि फोटो जातात ते त्या निर्धास्तपणात. इंग्लंडात 1086 साली राजाने देशभरची नोंदवही केली, ती आजही वाचता येते. तिच्या नऊशे वर्षांनिमित्त बीबीसीने 1986 मध्ये तशीच नवी नोंद लेझरडिस्कवर केली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवायला तज्ज्ञ बसवावे लागले. हसू नका. आपल्याकडे कागद टिकले आणि वाचणारे गेले. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा कचेऱ्यांमधले रुमाल सुटले, आत मोडी, आणि मोडी वाचणारा कुठे मिळेल म्हणून धावाधाव. पणजोबांनी बॅकअप चोख घेतला होता, आपल्याकडे ती फाइल उघडणारा प्रोग्रॅम नव्हता. आयफोनचे हेइक फोटो मामांच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत, तो याच दुखण्याचा धाकटा भाऊ.

खान्देशात याचं उत्तर फार पूर्वी काढलेलं आहे. गावात भाट येतो. त्याच्याकडे आपल्या कुळाची वही असते. आपल्या घराला आग लागो, पूर येवो, वही त्याच्या घरी सुखरूप. तो येतो, वंशावळ मोठ्यांदा वाचतो, कुणी चूक काढली तर वाद होतो, नवी पोरं त्यात चढतात, आणि वही जीर्ण झाली की तो नवी उतरवून घेतो. दुसऱ्या जागी प्रत, अधूनमधून तपासणी, दर पिढीला नव्या माध्यमावर नक्कल. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने 2005 च्या सुमाराला हेच तीन-दोन-एक असं सुटसुटीत मांडलं: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. भाट दक्षिणा घेतो, क्रोघचं पुस्तक विकत घ्यावं लागतं. खर्च सारखाच.

दुसरी जागा म्हणजे खरोखर दुसरी. सुरतेच्या लोकांना हे 2006 च्या ऑगस्टमध्ये कळलं. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. अल्बम, निगेटिव्ह, कॉम्प्युटर सगळं एकाच मजल्यावर असलेल्यांचं एकाच दिवशी गेलं. ओल्या अल्बमची पानं एकमेकांना अशी चिकटली की नवरदेवाच्या तोंडावर उलटे वऱ्हाडी उमटले. म्हणून माझी व्यवस्था अशी: एक हार्ड डिस्क पलसाण्यात, एक प्रत पैसे भरून क्लाउडवर, आणि दुसरी हार्ड डिस्क अमळनेरला आत्याकडे. तिथे तापीचं पाणी येत नाही. तिथे नळालाही रोज येत नाही. निवडक फोटो कागदावर काढून आणतो तो वेगळा भाग; आत्या डिस्कला फोटो मानत नाही. ‘फोटू कथा शेतस?’ (फोटो कुठे आहेत?) असं ती डिस्क हातात धरूनच विचारते.

अमळनेरची डिस्क आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जाते आणि दिवाळीला परत येते. आत्या ती गव्हाच्या कोठीत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवते. मी आधी घाबरलो, मग विचार केला: अंधार, कोरडेपणा, उंदीर नाही, आणि वर्षाचा गहू संपेपर्यंत कुणी हलवत नाही. बॅकब्लेझकडे तरी याहून काय असणार? अधूनमधून जोडून बघत जा, चालू आहे का एवढं, असं मी आत्याच्या नातवाला बजावलं होतं. नातू आज्ञाधारक. दर महिन्याला जोडून बघत होता. जोडलेलीच आहे तर म्हणून तो तिच्यात अहिराणी गाणी भरू लागला. लग्नाची, हळदीची, डीजेची, एकाच गाण्याची चार रूपं, सगळी व्हिडिओसकट. जागा कमी पडली तेव्हा त्याने ‘जुनं-जुनं’ काढून टाकलं. जुनं म्हणजे 2004 ते 2009.

दिवाळीला डिस्क पलसाण्यात आली. दोन्ही डिस्क समोरासमोर लावल्या. माझ्या पद्धतीत एका बाजूला नसेल ते दुसऱ्या बाजूकडून भरलं जातं, पुसलं काहीच जात नाही, त्यामुळे 2004 ते 2009 तासाभरात परत आलं. आत्याचे पंढरपूरचे फोटो, आजोबांचा शेवटचा पोळा, सगळं जागच्या जागी. फक्त भरणं दोन्हीकडून होतं हे नातवाला कुणी सांगितलं नव्हतं. आता ती गाणी पलसाण्याच्या डिस्कवर आहेत, अमळनेरच्या डिस्कवर आहेत, आणि क्लाउडवर त्यांच्यासाठी मी दर महिन्याला पैसे भरतो.